तोंडी परीक्षेसाठी फ्रीज

फ्रीज अगदी ठणठणीत होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढचं सगळं ऐकून लोक उगाच त्या फ्रीजला नावं ठेवतात. त्या बिचाऱ्याचा यात काडीचाही संबंध नव्हता. तो आपला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गुमान उभा राहून दूध, लोणी, अंडी सांभाळत होता. दोष द्यायचाच असेल तर खात्याला द्या. सेक्शन ऑफिसरच्या परीक्षेत यंदापासून इंग्रजीची तोंडी परीक्षाही असेल, असं परिपत्रक खात्याने काढलं आणि काकांचा चहा कपातच निवला.

काका रेकॉर्ड सेक्शनमध्ये सीनियर कारकून. ऑफिसात शिपायापासून सगळे त्यांना काका म्हणायचे, म्हणून आपणही तेच म्हणू. ही परीक्षा त्यांनी आधीही दिली होती. नियमांचा पेपर, हिशेबाचा पेपर, टिपणी लिहिण्याचा पेपर, सगळीकडे उत्तम मार्क. इंग्रजीत मात्र दर वेळी माती. उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरताना काका एवढा विचार करायचे की घंटा व्हायची आणि जागा गाळलेल्याच राहायच्या. आणि आता त्यावर तोंडी. शिवाय वयाची अट होतीच. यंदा जमलं तर जमलं, पुढच्या वर्षी अर्जच घेणार नव्हते.

एवढंच असतं तर काकांनी हा नादही सोडून दिला असता. नाही झालो ऑफिसर तर नाही झालो, त्यावाचून कुणाचं काय अडलंय, असं म्हणून गप्प बसता येतं. पण शेजारच्या टेबलावर नवा बसायचा. नवा आता कसला नवा, त्याला लागून कित्येक वर्षं झाली होती, पोटही सुटलं होतं. पण आल्या दिवशी फाईलला दोरी कशी बांधायची ते काकांनी त्याला शिकवलं होतं, तेव्हापासून तो नवाच. त्या नव्याने यंदा फॉर्म भरला होता. नवा फाडफाड इंग्रजी बोलायचा, म्हणजे निदान मोबाईलवर तरी बोलायचा. तो पास झाला आणि काका राहिले, तर त्याच रेकॉर्ड सेक्शनमध्ये तो साहेब होणार. मग रजेचा अर्ज त्याच्यापुढे धरायचा, "सर, सही" म्हणायचं आणि तो मान वर करेपर्यंत उभं राहायचं. हे चित्र काकांच्या डोळ्यांसमोरून हलेना. जेवताना दिसायचं, दाढी करताना दिसायचं. खरं सांगायचं तर काकांना भीती वाटत होती, आणि एवढ्या वयात परीक्षेची भीती वाटते हे सांगणार तरी कुणाला?

मुलीला न सांगताच कळलं. ती आदल्या वर्षीच बँकेची परीक्षा देऊन नोकरीला लागली होती. तिने आपलं शब्दसंग्रहाचं जाडजूड पुस्तक बापाच्या हातात ठेवलं.

"बाबा, एक लक्षात ठेवा. शब्द सुटे पाठ करायचे नाहीत. आज शिकलेला शब्द आजच कुणाशी तरी बोलून वापरायचा. संदर्भात. तरच तो डोक्यात राहतो."

"कुणाशी बोलू?"

"कुणाशीही. आईशी बोला."

काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच सुरुवात केली. चहाचा घोट घेऊन ते गंभीरपणे म्हणाले, "धिस टी इज अ‍ॅडिक्वेट."

"म्हणजे काय ते?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे पुरेसा आहे."

"असं होय," म्हणत काकूंनी काकांचा दुसरा कप परत किटलीत ओतला आणि झाकण लावलं. काकूंना इंग्रजी येत नव्हतं असं नाही. त्यांना वेळ नव्हता.

समोरच्या ब्लॉकमध्ये निवृत्त मास्तर राहायचे. मास्तरांनी जन्मभर भूगोल शिकवला, पण सल्ला ते कुठल्याही विषयावर द्यायचे. त्यांनी सांगितलं की आरशासमोर उभं राहून बोलायचं, संकोच जातो. काका आठवडाभर आरशासमोर बोलले. संकोच गेला, पण आरशातल्या माणसाचं इंग्रजी काकांइतकंच होतं, त्याने एकही चूक दाखवली नाही. मग काकांनी खुद्द मास्तरांनाच गाठायला सुरुवात केली. जिन्यात गाठलं, गेटपाशी गाठलं, एकदा भाजी निवडत असताना घरात जाऊन गाठलं. त्यानंतर मास्तर दाराच्या भोकातून पाहून मगच बाहेर पडू लागले. सल्ला देणं वेगळं आणि आपल्यावर त्याचा प्रयोग करून घेणं वेगळं, यात त्यांची काही चूक नव्हती.

अशा अवस्थेत एका रविवारी काकूंनी सांगितलं की फ्रीजच्या भाजीच्या ट्रेची मूठ निघून आलीय, कंपनीला फोन करून नवी मागवा. काकांनी फोन लावला. आतून बाई बोलल्या, अमक्या भाषेसाठी एक दाबा, तमक्या भाषेसाठी दोन दाबा. काकांना चष्मा सापडत नव्हता. त्यांनी जे दाबायचं नव्हतं ते दाबलं आणि तिकडून आवाज आला, "गुड मॉर्निंग सर, थँक यू फॉर कॉलिंग. हाऊ मे आय हेल्प यू?"

काकांनी फोन ठेवायला हवा होता. पण त्या मुलीच्या आवाजात काहीतरी होतं. घाई नव्हती. काकांनी अडखळत अडखळत मूठ, ट्रे, भाजी असं सगळं सांगितलं. मध्ये एकदा ते वाक्याच्या ऐन मधोमध अडकले आणि बराच वेळ अडकूनच राहिले. मुलगी हसली नाही, तिने वाक्य पुरं केलं नाही, फोनही ठेवला नाही. ती म्हणाली, "टेक युअर टाइम, सर."

काकांनी फोन ठेवला तेव्हा त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. आयुष्यात पहिल्यांदाच एक अख्खी मुलाखत त्यांनी इंग्रजीत पार पाडली होती, तीही एका सुशिक्षित माणसाशी, एक नवा पैसा खर्च न करता. आणि समोरचा माणूस कंटाळला तरी त्याला फोन ठेवता येत नाही, कारण तशी त्याची नोकरीच आहे. काकांना वाटलं, एवढी सोन्यासारखी शाळा घरच्या टेलिफोनात दडली होती आणि आपण भिंतीवरच्या आरशाशी बोलत बसलो.

मूठ टपालाने आली. पण काका थांबले नाहीत. रोज ऑफिसातून आले की पुस्तकातले त्या दिवसाचे शब्द एकदा नजरेखालून घालायचे आणि नंबर फिरवायचा. तक्रार करायला काहीतरी हवं, म्हणून फ्रीज. फ्रीज समोरच असायचा, संदर्भ म्हटलं तर त्याच्याइतका जवळचा संदर्भ दुसरा नव्हता. प्रश्न एवढाच होता की पुस्तकातले शब्द फ्रीजसाठी निवडलेले नव्हते. ते परीक्षेसाठी होते. ज्या दिवशी जो शब्द येईल तो काका फ्रीजला लावायचे.

"माय रेफ्रिजरेटर इज रिलक्टंट," काकांनी एका सोमवारी सांगितलं.

म्हणजे तो नाखूश आहे. तिकडच्या मुलीने विचारलं, "सर, इज इट नॉट कूलिंग?"

"इट इज कूलिंग. बट विथ रिलक्टन्स."

मंगळवारी फ्रीज मेलँकली, म्हणजे उदास झाला. बुधवारी त्याचं वागणं अनप्रेडिक्टेबल होतं. गुरुवारी काकांनी सांगितलं की तो काकूंच्या बाबतीत इन्डिफरंट आहे, त्याला त्यांचं काही पडलेलं नाही. दर वेळी मुलगी वेगळी, कधी मुलगा, पण सगळे तेवढेच शांत, सगळे "आय अंडरस्टँड युअर कन्सर्न, सर" म्हणायचे. काकाही हळूहळू तेच म्हणू लागले. दोन्ही बाजू एकमेकांची काळजी समजून घेत होत्या आणि काकांची जीभ सैल होत होती. ऑफिसात नव्याने एकदा मोबाईलवर इंग्रजी झाडलं तेव्हा काकांनी मान खाली घातली नाही. त्यांनी मनातल्या मनात त्याची एक चूकसुद्धा काढली.

आता एक गोष्ट काकांच्या लक्षात आली नव्हती. रेकॉर्ड सेक्शनमध्ये हयात घालवलेल्या माणसाच्या लक्षात ती यायला हवी होती, पण आपल्या घरच्या फोनवर आपण कुणाचं तरी रेकॉर्ड तयार करतोय हे कुणाच्या मनात येतं? प्रत्येक फोनला तिकडे नंबर पडत होता. प्रत्येक नंबरखाली काकांचे शब्द जसेच्या तसे टाईप होत होते. काकांची फाईल जाड होत होती.

आणि मग पुस्तकात संकटांचा धडा आला. त्या दिवशी काका फॉर्मात होते. फोन लागल्याबरोबर त्यांनी पहिल्याच वाक्यात तीन शब्द बसवले.

"देअर इज अ‍ॅन इमिनंट अँड हॅझर्डस कॅटॅस्ट्रॉफी इन माय किचन."

तिकडची मुलगी एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "सर, प्लीज स्टे अवे फ्रॉम द अप्लायन्स. इज एव्हरीबडी सेफ?"

काकांनी काकूंकडे पाहिलं. काकू फ्रीजला टेकून काकडी खात होत्या. "सेफ," काका म्हणाले, "बट अ‍ॅप्रिहेन्सिव्ह." धास्तावलेले या अर्थाचा हा शब्द आदल्या धड्यातला होता, पण तो इतका चपखल बसला की काकांना स्वतःचंच कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी काका रजेवर होते, अभ्यासासाठी घेतलेली रजा. सकाळी बिल्डिंगखाली एक गाडी थांबली. हातमोजे घातलेली दोन माणसं उतरली आणि कुणाला काही न विचारता त्यांनी गेटपाशी जाऊन अख्ख्या बिल्डिंगचा मेन स्विच पाडला. हॅझर्डस, म्हणजे धोकादायक, असं लिहिलेलं असलं की आधी वीज बंद करायची, असा त्यांचा नियम होता. नियम चांगलाच आहे. फक्त त्या वेळी मास्तर लिफ्टमध्ये होते.

"घाबरू नका, मी शांत आहे," मास्तर दोन मजल्यांच्या मधून ओरडत होते. "तुम्हीही शांत राहा. आधी एकाने खाली जा, एकाने वर जा." लिफ्टमध्ये अडकूनही ते सल्ला देत होते, आणि बाहेरचे लोक तो ऐकून वर-खाली धावत होते.

सोसायटीचे सेक्रेटरी अर्धी दाढी झालेली आणि अर्धी राहिलेली अशा अवस्थेत काकांच्या दारात आले. "काका, तुमच्या घरात काय फुटणार आहे?"

"काही नाही हो."

"काही नाही कसं? हे लोक म्हणतात कॅटॅस्ट्रॉफी."

काकांनी मुलीकडे पाहिलं. मुलगी बँकेत जायच्या घाईत होती, ती तोंडावर रुमाल दाबून बाहेर पळाली. रुमालामागे ती हसत होती.

हातमोजेवाल्यांनी फ्रीज पुढून पाहिला, मागून पाहिला, उघडला, बंद केला, त्याला वायरी लावल्या. मग त्यातला मोठा मेकॅनिक डोकं खाजवत म्हणाला, "साहेब, याला तर काहीच झालेलं नाही."

"तेच तर," काका म्हणाले.

"पण कम्प्लेंट तर आहे. एक नाही, ढीगभर आहेत." त्याने मोबाईल पुढे केला. "बंद करायची तर फॉल्ट टाकावा लागतो. इथे बघा, कॉम्प्रेसर, गॅस, थर्मोस्टॅट, दाराचं रबर. यातलं एक सांगा."

"पण यातलं काहीच झालं नाही ना."

"'काहीच नाही' असं यात टाकता येत नाही. फॉल्ट सापडला नाही तर माल वर्कशॉपला न्यावा लागतो. तिथे सापडतो."

काका खात्यातले असल्यामुळे हा नियम त्यांना लगेच पटला. हीच तर पंचाईत होती. दुसऱ्या कुणी हुज्जत घातली असती. काकांनी पावतीवर सही केली. दोघांनी फ्रीजला चादरीत गुंडाळलं आणि जिन्यावरून खाली नेलं. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी काकांना एक शब्दही विचारला नाही, आणि संसार केलेल्या माणसाला त्याचा अर्थ समजावून सांगायला लागत नाही.

फ्रीजमधला माल बिल्डिंगभर वाटून ठेवावा लागला. दूध मास्तरांकडे, अंडी सेक्रेटरींकडे, लोणी तळमजल्यावरच्या वहिनींकडे. सकाळी चहा करायचा तर काकांना पायजम्यावर आधी समोर जाऊन दूध मागावं लागायचं. मास्तर दूध देताना म्हणायचे, "मी आरसा सांगितला होता. आरशाला वायर नसते." चौथ्या मजल्यावरच्या एका बाईंनी काकांचं आलं चुकून वापरलं आणि मग त्या वाटेत भेटल्या की तोंड चुकवू लागल्या. एवढी वर्षं गुण्यागोविंदाने नांदलेल्या बिल्डिंगमध्ये कालचा भात कुणाच्या फ्रीजमध्ये किती दिवस राहतो यावर चर्चा सुरू झाली.

कंपनी मात्र वाईट नव्हती. तिने काकांची गैरसोय होऊ नये म्हणून तात्पुरता फ्रीज पाठवला. तो दोन दारांचा होता, कपाटाएवढा. तो लिफ्टमध्ये गेला नाही म्हणून माणसांनी जिन्यावरून चढवला, आणि काकांच्या दारात आल्यावर कळलं की तो दारातूनही जात नाही. उभा जाईना, आडवा जाईना. आणणारे म्हणाले, आमचं काम पोहोचवायचं, आत न्यायचं वेगळं डिपार्टमेंट. त्यांनी तो जिन्याच्या चौकात ठेवला, वायर काकांच्या घरात ओढली आणि ते निघून गेले.

चौकातला फ्रीज म्हणजे सगळ्यांचा फ्रीज. आधी वहिनींनी काकांचं लोणी त्यात आणून ठेवलं, शेजारी आपलंही ठेवलं. मग कुणी सरबताच्या बाटल्या ठेवल्या. सेक्रेटरींनी नोटीस लावली की सामाईक जागेत खासगी उपकरण ठेवता येणार नाही, आणि नोटीस लावून जाताना आतून गार पाणी प्यायले. मुलं येता-जाता दार उघडून आतला दिवा लागतो का ते बघायची. काकूंना आपल्याच घरचं दूध आणायला पदर खोचून जिन्यात उभं राहावं लागायचं, आणि तिथे कुणी ना कुणी भेटून विचारायचंच, "काय हो, मूळ फ्रीज कधी येणार?"

काका वर्कशॉपला फोन करत होते. तिथून उत्तर आलं की फ्रीज देता येत नाही, कारण फॉल्ट अजून सापडलेला नाही. सापडला की दुरुस्त करू, दुरुस्त झाला की पाठवू. म्हणजे चांगला असल्यामुळे तो अडकून पडला होता. बिघडलेला असता तर कधीच घरी आला असता.

तोंडी परीक्षा जवळ आली तशी काकूंनी तोंड उघडलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसर व्हा, नका होऊ. मला त्याचं काही नाही. पण माझा फ्रीज मला हवा. तुमच्या इंग्रजीपायी मी जिन्यात संसार करतेय. जे खरं आहे ते त्यांना सांगा."

"खरं कसं सांगू? लोक हसतील."

"आता काय रडतायत का?"

काका उठले. त्यांनी फोन लावला, कंपनीच्या वरच्या अधिकाऱ्याला द्या म्हणाले, आणि अधिकारी आल्यावर काकांनी पुस्तक उघडलं नाही. त्यांना शब्द निवडायला सवडच नव्हती. साध्या, तुटक्यातुटक्या इंग्रजीत त्यांनी सांगितलं की फ्रीज पहिल्यापासून चांगला आहे. सांगितलं की परीक्षा आहे, वय झालंय, बोलायला कुणी नाही, घरी कंटाळतात, शेजारी लपतात. तुमची माणसं ऐकून घ्यायची, म्हणून मी फोन करत होतो. फ्रीज हे निमित्त होतं. सांगताना त्यांचा आवाज एकदा बारीक झाला. काकू जाग्यावरून हलल्या नाहीत.

अधिकाऱ्याने सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला की असं कारण त्यांच्या यादीत नाही, पण "ग्राहकाला वापराची माहिती दिली" असा एक प्रकार आहे, त्याखाली तो सगळ्या तक्रारी बंद करतो. आणि फोन ठेवताना म्हणाला, "सर, युअर इंग्लिश इज क्लिअर. ऑल द बेस्ट."

फ्रीज घरी आला. चौकातला परत गेला, तेव्हा बिल्डिंगमध्ये थोडी हळहळ झाली. पण काकांचं मन त्यात नव्हतं. त्यांच्या मनात आता एकच होतं की ती तोंडी परीक्षा जमायलाच हवी. एवढी शोभा करून घेतल्यावर नापास व्हायचं म्हणजे हसणाऱ्यांच्या हातात पुरावाच दिल्यासारखं होईल.

लेखी पेपर आधीच झाले होते, आणि इंग्रजीच्या गाळलेल्या जागा यंदा काकांनी घंटेआधी भरल्या होत्या. तोंडीच्या दिवशी खात्याच्या मीटिंग हॉलबाहेर उमेदवारांची रांग होती. नवा काकांच्या आधी आत गेला आणि हसत बाहेर आला. "सोपं आहे, काका. मी तरुणांची जबाबदारी यावर बोललो. थांबवेपर्यंत बोललो."

आत टेबलामागे तीन जण. कडेला एक बाई अधिकारी, दुसऱ्या कडेला बाहेरून बोलावलेले प्राध्यापक, आणि मधोमध खात्याचे मोठे साहेब. मोठ्या साहेबांना अख्खं खातं घाबरायचं. ते फाईल फेकतात अशी ख्याती होती. आत्ताही त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या, कारण डोक्यावरचा पंखा खडखड करत होता आणि चहा आला नव्हता. त्यांनी काकांचे कागद पाहिले आणि इंग्रजीत गुरकावले, "दर वर्षी नापास. या वर्षी आम्ही तुम्हाला का घ्यावं?"

काकांच्या डोक्यातून सगळं पुस्तक उडून गेलं. एक शब्द म्हणून राहिला नाही. रिकाम्या डोक्याने ते नुसते पाहत राहिले, आणि मग त्यांचं तोंड, इतक्या दिवसांच्या सवयीने, आपलं आपणच बोलायला लागलं.

"थँक यू फॉर युअर पेशन्स, सर. आय अंडरस्टँड युअर कन्सर्न."

"व्हॉट कन्सर्न?" साहेब दचकले.

"व्हॉटेव्हर इट इज, सर. आय अ‍ॅम एक्स्ट्रीमली सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स." काकांना आपण काय बोलतोय ते ऐकू येत होतं आणि थांबवता येत नव्हतं. "प्लीज टेल मी फ्रॉम द बिगिनिंग. टेक युअर टाइम."

बाई अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. प्राध्यापक खुर्चीत पुढे सरकले. मोठ्या साहेबांनी काकांकडे पाहिलं, वर पंख्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "हा पंखा."

"येस, सर."

"याच्याबद्दल मी तीनदा लिहिलं. मी, या खात्याचा मुख्य. कुणी लक्ष देत नाही."

"दॅट मस्ट बी व्हेरी फ्रस्ट्रेटिंग फॉर यू, सर."

"फ्रस्ट्रेटिंग?" साहेब म्हणाले, आणि मग त्यांचा बांधच फुटला. पंख्यावरून ते चहावर आले, चहावरून देखभाल विभागावर, तिथून बदलीवर. सगळं इंग्रजीत. काका मधूनमधून "आय सी, सर" म्हणत होते, एखादा प्रश्न विचारत होते, त्यांचं म्हणणं थोडक्यात परत सांगून "इज दॅट करेक्ट, सर?" अशी खात्री करून घेत होते. घंटा वाजली तेव्हा साहेब बोलतच होते. काकांनी उठून विचारलं, "इज देअर एनिथिंग एल्स आय कॅन हेल्प यू विथ?" आणि ते बाहेर आले. आपण परीक्षेत बोललोच नाही, दुसऱ्यालाच बोलू दिलं. संपलं सगळं, असं त्यांना वाटलं. घरी जाऊन त्यांनी काकूंना एवढंच सांगितलं की नाही जमलं, आणि काकूंनी न मागता दुसरा कप पुढे ठेवला.

निकाल लागला त्या दिवशी काका बोर्डाकडे गेलेच नाहीत. नवा जाऊन आला आणि टेबलाशी उभा राहिला. त्याचं नाव यादीत नव्हतं. बोलताना थांबत नाही आणि विचारलेल्याचं उत्तर देत नाही, असा शेरा पडला होता. काकांचं नाव पहिलं होतं.

"अभिनंदन," नवा म्हणाला. मग जरा थांबून, जड जिभेने म्हणाला, "सर."

हा शब्द ऐकायला काकांनी किती दिवस जीव टाकला होता. ऐकला आणि कसंसंच झालं. पोराचा चेहरा एवढासा झाला होता. काकांनी त्याला खुर्ची दिली आणि चहा मागवला. वाईट वाटलं ते वाटलंच, पण मनातून उकळ्या फुटत होत्या हेही खोटं नाही. घरी गेल्यावर ते काकूंना निकाल सांगायला लागले आणि त्यांना सांगताच येईना, डोळेच भरून आले.

काकांची नेमणूक तक्रार निवारण कक्षात झाली. नेमणुकीच्या कागदावर मोठ्या साहेबांनी स्वतः तसं लिहिलं होतं. नवी खोली, नवी खुर्ची, टेबलावर फोन. पहिल्याच दिवशी फोन वाजला. मोठे साहेबच होते. त्यांच्या केबिनचा एसी काम करत नाही, ताबडतोब या म्हणाले.

काका गेले. केबिनमध्ये गारठा होता. एसी सुरळीत चालला होता, आणि मोठे साहेब लोकरीचा स्वेटर घालून, हात काखेत धरून बसले होते. टेबलावर एक चहा होता आणि दुसरा एक, झाकून ठेवलेला, समोरच्या खुर्चीपुढे.

काकांनी एसीकडे पाहिलं. मग साहेबांकडे पाहिलं. मग त्यांनी दार लोटून घेतलं, समोरची खुर्ची पुढे ओढली आणि बसत विचारलं, "व्हेन डिड द प्रॉब्लेम स्टार्ट, सर?"

साहेबांनी सुस्कारा सोडला. "तसं म्हटलं तर," ते मराठीत म्हणाले, "मी या शहरात बदलून आलो तेव्हापासूनच."